पापटेकडीचे गोटे

"बाई, हा गोटा आमच्यानं नाही उचलनं होत," असं म्हणून हरबाजी मुकादमानं घमेलं माझ्यापुढे पालथं घातलं.

त्याचं बघून मागच्या बायामाणसांनीही घमेली पालथी घातली आणि सगळी पळसाच्या सावलीत जाऊन बसली. जणू जेवायची सुट्टी झाली होती. मी टेकडीच्या उतारावर नकाशाचा बोर्ड काखेत धरून उभी. आमचे साहेब, सरंजामे सर, नागपूरला गेलेले. जाताना म्हणाले होते, "शांता, वरचे सुटे दगड आज काढून घे, एवढंच काम आहे." त्या एवढ्याशा कामात मी सकाळी सकाळी तोंडघशी पडले होते.

"जड आहे का?" मी विचारलं. गोटा नारळाएवढा होता.

"जड नाही जी. दुसऱ्याचा आहे."

उत्खननासाठी सावरटोल्याला येऊन आम्हाला महिना झाला होता. वैनगंगेच्या अलीकडचं ते गाव. भाताची बांधी, दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि गावाला लागूनच ही गोल टेकडी. पावसानं एका बाजूची माती धुऊन नेली होती आणि तिथे चांगल्या हातभर लांबीच्या जुन्या विटांचे थर उघडे पडले होते. सरांनी पहिल्यांदा त्या विटांवर हात फिरवला तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. स्तूप होता तो. दोन हजार वर्षांपूर्वी इथे भिक्खू राहत होते, व्यापाऱ्यांचे तांडे थांबत होते, आणि आता त्या सगळ्यावर गावानं गोट्यांचा ढीग रचून ठेवला होता. लहान, मोठे, नदीतले गुळगुळीत, शेतातले ओबडधोबड. गाव टेकडीला पापटेकडी म्हणायचं. ते नाव ऐकून मला आधी हसू आलं होतं.

"नीट सांगा," मी हरबाजीला म्हटलं. "काय भानगड आहे?"

हरबाजीनं तंबाखू मळायला घेतली. "कोन्या जमान्यात इथं एक राजा होता. त्यानं गादीसाठी लहान भावाले मारलं. मंग त्याची झोप उडाली. वैद्य झाले, मांत्रिक झाले, काही होईना. तेव्हा पिवळ्या कपड्याचा एक साधू आला. राजाले म्हने, पाप डोक्यावर घेऊन कायले फिरतो? एक गोटा घे, चार लोकांसमोर आपलं पाप बोल, अन् इथं ठेव. राजानं ठेवला. राजानं ठेवला म्हनून मंत्र्यानं ठेवला, मंत्र्याचं पाहून रयतेनं ठेवला. टेकडी झाली. आता कोनी बोलत नाही. लाज वाटते. पहाटे अंधारात यायचं, मुक्यानं ठेवायचं अन् घरी जायचं."

"आणि कुणी दुसऱ्यानं उचलला तर?"

"तं पाप त्याचं."

माझं डोकं फिरलं. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. घरी येऊन देव्हारा पाटीत घातला आणि कन्हान नदीत सोडला, तेव्हा आजी तीन दिवस जेवली नव्हती. तशा घरात वाढलेली मी. आमच्या बुद्धाच्या स्तूपावर या लोकांनी पापाचा उकिरडा केला, आणि वर मला राजाची गोष्ट सांगतात! मी बोर्ड खाली ठेवला आणि म्हटलं, "बघा, मी उचलते. मला काही होतं का ते बघा."

नारळाएवढा तो गोटा मी दोन्ही हातांनी उचलला.

पळसाखालून एक हुंदका आला. हरबाजीची सून, इंदिरा नाव तिचं, ती पदरात तोंड घालून रडत होती. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या गोट्याकडे. हरबाजीनंही पाहिलं. त्याची तंबाखू हातातच राहिली. मी गोटा होता तिथे परत ठेवला. मला काहीच झालं नव्हतं, जे व्हायचं ते त्या पोरीचं झालं होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दिवसभर मी तिच्या बाजूला फिरकले नाही.

संध्याकाळी सर आले. मी झालेलं सांगितलं. मला वाटलं हसतील, पण ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

"पौर्णिमेला आणि अमावास्येला भिक्खू एकत्र बसायचे," ते म्हणाले. "ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं ती सगळ्यांसमोर बोलायची. बोलला की झालं, तो मोकळा. या टेकडीवर ते होतच असणार. भिक्खू गेले, विहार पडला, आणि गावाकडे एवढं उरलं. बोलायचं विसरले, ठेवायचं राहिलं."

"मग आता काय करायचं, सर?"

सर एकदम साहेब झाले. "काढायचं. शनिवारी वरिष्ठ येताहेत. त्यांना दगडांचा ढीग दिसला तर ते सरळ सांगतील, पसारा आवरा आणि परत या. पुढच्या वर्षी कुणी देणार नाही आपल्याला ही जागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बयनाबाई आली.

आमच्या मजुरांत ती नव्हती. साठीची बाई, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. टेकडीच्या पायथ्याशी पहिलंच घर तिचं. सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पोरी, मी उचलते. सारे उचलते. कुठं टाकायचे सांग."

हरबाजी पुढे झाला. "बयनाबाई, डोकं ठिकानावर हाय ना? साऱ्या गावाचं घेशील अंगावर?"

"घेते. तुले काहून झोंबलं? तुझाबी आहे वाटते वर?"

बाया हसल्या. हरबाजी मागे सरकला. मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली आणि मीही म्हटलं, ठीक आहे. तोंडातून शब्द गेला आणि मनाला टोचलं. माझा विश्वास नव्हता, तिचा होता. ती खरंच समजत होती की गावाचं पाप तिच्या माथी येणार, आणि आमचं काम अडलं म्हणून आम्ही तिला ते घेऊ देत होतो.

बयनाबाईनं पहिला गोटा उचलला, पण टाकला नाही. गावाकडे तोंड करून ती ओरडली, "हा कोनाचा हाय जी? काळा, लांबट! हा मी घेतला!" मग तो खाली नेऊन टाकला, वर आली, दुसरा उचलला. "हा पांढरा, चपटा! हा मी घेतला!"

टेकडीवरचा आवाज गावात घराघरांत ऐकू जायचा. दुपार होईपर्यंत बयनाबाईच्या हाका सुरू होत्या आणि गाव चिडीचूप. मग पहिला माणूस आला. दूधवाला देवाजी होता तो. हातात सायकल. ती पायथ्याशी आडवी टाकून तो धापा टाकत वर आला.

"राहू दे बयनाबाई. तो माझा हाय. मी नेतो."

"कोनता?"

"तो, फुटका." त्यानं खाली मान घातली. "दुधातल्या पान्याचा."

"ते तं साऱ्या गावाले माहीत हाय बापा," बयनाबाई म्हणाली. पळसाखाली असा हशा उठला की देवाजीही हसला आणि गोटा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेला.

त्याच्यानंतर माणसं यायलाच लागली. एकेकटी, इकडेतिकडे बघत. कुणी बोलायचं, कुणी न बोलता आपला गोटा उचलायचं. म्हाताऱ्या बाईनं आपलं पाप अंगावर घ्यावं हे कुणालाच सोसेना. एक फार मोठा धोंडा होता, त्याच्याबद्दल गावभर कुतूहल होतं. त्याच्यासाठी पोलीस पाटील आले, बरोबर दोन गडी. पाटलांनी काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण गड्यांनी हात लावला तेव्हा म्हणाले, "थांबा, मीच उचलतो," आणि कण्हत कुंथत, कपड्यांची पर्वा न करता, एकटेच तो खालपर्यंत लोळवत घेऊन गेले. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

इंदिराही आली. मी तेव्हा बाजूलाच माप घेत होते. तिनं तो नारळाएवढा गोटा ओच्यात घेतला आणि मला म्हणाली, "सासूच्या आजारपनात मी तिले उपाशी ठेवलं होतं. दोन दिवस. मी तेव्हा लहान होती." तिनं ते मला का सांगितलं कोण जाणे. मी फक्त तिच्याबरोबर पायथ्यापर्यंत चालत गेले. खाली हरबाजी उभा होता. त्यानं तिच्या ओच्यातला गोटा पाहिला आणि तोंड फिरवलं, पण वाट सोडून बाजूला झाला.

शुक्रवारी दुपारी मी बयनाबाईजवळ जेवायला बसले. तिची भाकर आणि मिरचीचा ठेचा, माझा पोळीचा डबा. वर आता मोजके गोटे राहिले होते आणि स्तूपाचा माथा दिसायला लागला होता. विटा गोलाकार मांडलेल्या. सर लहान पोरासारखे हात मागे बांधून त्याच्याभोवती चकरा मारत होते.

"मावशी, तुम्ही हे का करताय?" मी विचारलं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "माझी लेक होती. कुसुम. तिले कोसमतोंडीले दिली होती. सासरी मारत. भाताच्या रोवन्याच्या दिवसात ती घरी आली, पाठीवर वळ घेऊन. म्हने, माय, मी जात नाही. मी रात्री तिच्या पाठीले तेल लावलं. सकाळी तिचा बाप बाजेवर दोर वळत होता. मान वर न करता म्हनला, तिले धाडून दे. लोक नावं ठेवतात. मी तिचा हात धरला अन् नाल्यापर्यंत नेली. छकड्यात बसवली. तिनं माझा पदर धरला होता, तो मी सोडवला. पोळ्याच्या आधी खबर आली. विहिरीत."

मी डबा मिटून बाजूला ठेवला.

"दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोटा ठेवला," ती म्हणाली. "तो हाय तिथं, लालसर. तो मी शेवटी उचलनार."

"आणि तिचा बाप?"

तिनं खाली बोट केलं. पायथ्याच्या घराच्या अंगणात एक म्हातारा बाजेवर बसून दोर वळत होता. मन्साराम. मी रोज त्याला तिथेच पाहत होते.

"तवापासून वीस वर्सं एका घरात हाय आमी. मी भाकर देते, तो खातो. कुसुमचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. मी साऱ्या गावाले हाका मारते ना, त्या त्याच्यासाठी आहेत पोरी. सारं गाव आलं तं तोबी येईन, असं वाटते मले."

शनिवार उजाडला तेव्हा माथ्यावर एकच गोटा होता, लालसर. वरिष्ठांची जीप दुपारी येणार होती. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "शांता, त्या बाईला सांग आता. एवढा एकच राहिलाय."

बयनाबाई त्या गोट्याजवळ उकिडवी बसली होती. तिची नजर अंगणावर. मला राहवलं नाही. मी तडक खाली उतरले आणि मन्सारामच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"काका, वर चला. मावशी वाट बघतात."

त्यानं दोराचा पीळ सोडला नाही. "माझं काय काम हाय तिथं?"

"सगळे आले."

"ज्याचा गोटा हाय तो जाईन. माझा नाही. मी ठेवलाच नाही." तो हे काहीशा तोऱ्यातच म्हणाला. "मी का केलं? मी तं नुसतं म्हनलो. नेऊन बसवलं तिनं."

मी पुष्कळ बोलले असते. शिकलेली होते, तोंडाळही होते. पण त्याच्या हातांकडे लक्ष गेलं आणि थांबले. दोर वळता वळता त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, आणि अंगणाच्या कडेला दोरांची भेंडोळी माणसाच्या उंचीएवढी रचलेली होती. विकलेली नाहीत, वापरलेली नाहीत. मी परत वर आले.

"काय म्हने?" बयनाबाईनं विचारलं.

खोटं सांगावं असं मनात आलं होतं. पण मी जसंच्या तसं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, लालसर गोटा उचलून छातीशी धरला आणि गावाकडे तोंड केलं. पळसाखाली मजूर उभे राहिले. खाली रस्त्यावर माणसं थांबली. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या गोट्यांसाठी ओरडत होती, तोच आवाज, तसाच मोठा.

"हा माझा हाय! माझी कुसुम घरी आली होती! पाठ दाखवली तिनं मले! मी तिले परत धाडली! माझ्या हातानं छकड्यात बसवली! तिनं पदर धरला होता, तो मी सोडवला! ऐका जी, मी सोडवला!"

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. त्या नावाची वाट बघत होते मी, आणि मला वाटतं पूर्ण गाव बघत होतं. ते आलं नाही. ती गोटा धरून तशीच उभी राहिली.

खाली अंगणात मन्साराम बाजेवरून उठला. दोर त्याच्या हातून सुटला आणि सगळा पीळ उलगडत गेला. तो टेकडीकडे आला नाही, उलट बाजूला गेला, नाल्याच्या दिशेनं. पळसाखालच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. हरबाजी पुटपुटला, "पळाला."

पळाला नव्हता. बऱ्याच वेळानं तो टेकडीच्या वाटेवर दिसला. खांद्यावर नाल्यातला गोटा, पाणी गळत असलेला, त्याच्या वयाला न पेलणारा. दोनदा तो खाली बसला. हरबाजी मदतीला निघाला तर बयनाबाईनं हातानं थांबवलं.

तो वर आला आणि साफ केलेल्या त्या विटांच्या मधोमध त्यानं गोटा ठेवला. सर पुढे झाले, "अहो, इथे नका," असं काहीतरी त्यांच्या तोंडापर्यंत आलं असावं. मी त्यांचा दंड धरला. आयुष्यात साहेबाचा दंड धरायची ती माझी एकच वेळ.

मन्साराम गोटा ठेवून परत फिरला.

"बोलून ठेवा," बयनाबाई म्हणाली. "मुक्यानं ठेवलं तं नुसता गोटा हाय तो."

तो थांबला. आमच्याकडे पाठ करूनच उभा राहिला. त्याचा आवाज इतका बारीक होता की पळसाखालच्यांना ऐकू गेला नसेल. "मी म्हनलो, धाडून दे." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "कुसुमले धाडून दे, असं मी म्हनलो. मी मान वर करून तिच्याकडं पाहिलंबी नाही."

खालच्या रस्त्यावर जीपचा आवाज ऐकू आला. कुणी हललं नाही.

बयनाबाईनं आपला लालसर गोटा पदरात घेतला आणि उतरायला लागली. ती त्याच्याजवळून जाताना तो वळला. डोळे भरलेले होते. त्याची ती वीस वर्षं मी पाहिलेली नव्हती, तरी मला ते पाहवेना.

"बयना," तो म्हणाला. "हा किती दिवस ठिवावा लागन मले?"

ती थांबली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मले काय इचारता," ती म्हणाली. "मी कुठं मेली? मेली तिले इचारा."